मैदानावर डोक्याला मार लागला: कन्कशन आणि त्यातून बरं होणं, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोरगा बेशुद्ध पडला नाही, रक्तही आलं नाही. मग कन्कशन कसलं?

कन्कशन म्हणजे हिसक्याने मेंदूच्या कामकाजात आलेला तात्पुरता बिघाड. बेशुद्ध पडणं ही त्याची अट नाही. दहातल्या नऊ कन्कशनमध्ये खेळाडू शुद्धीवरच असतो. डोकं, चेहरा, मान किंवा अंगावर बसलेल्या हिसक्याने मेंदू कवटीच्या आत हलतो, पिळला जातो. त्यातले बारीक तंतू ताणले जातात, पेशींमधलं क्षारांचं गणित बिघडतं आणि ते जागेवर आणायला जास्त ऊर्जा लागते. नेमका त्याच काळात मेंदूचा रक्तपुरवठा थोडा घटलेला असतो. मागणी जास्त आणि पुरवठा कमी, अशा अवस्थेत मेंदू काही दिवस काढतो. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून आपल्याकडे याला ‘मुका मार’ म्हणून सोडून देतात.

लक्षणं चार तऱ्हेची असतात. अंगाची: डोकेदुखी, मळमळ, चक्कर, उजेड किंवा आवाज सहन न होणं. डोक्याची: सुचत नाही, आठवत नाही, उत्तर यायला वेळ लागतो. मनाची: चिडचिड, उगाच रडू येणं. आणि झोपेची: एकतर फार झोप, नाहीतर अजिबात नाही. यातलं एक जरी मारानंतर दिसलं, तरी कन्कशन आहे असंच धरायचं.

मैदानावर त्या क्षणी काय करायचं?

खेळ थांबवायचा आणि खेळाडूला बाहेर काढायचं. त्या दिवशी तो परत आत जाणार नाही, तो स्वतः ‘मी फिट आहे’ म्हणाला तरी. ज्याला मार लागलाय त्याच्या मेंदूलाच त्याच्या मेंदूबद्दल विचारणं, यात काय अर्थ आहे?

खेळाडू बेशुद्ध असेल, मान दुखत असेल किंवा हातापायाला मुंग्या येत असतील तर त्याला जागचा हलवू नका. चौघांनी हातपाय धरून उचलून सावलीत न्यायची आपली सवय इथे महागात पडते. मानेचा मणका दुखावलेला असला तर उचलताना मज्जारज्जूला इजा होऊ शकते. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरायचं, दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. श्वास अडत नसेल तर हेल्मेट काढायचं नाही. तोंडात पाणी घालायचं नाही. झटका आला तर कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, दातांत चमचा घालायचा नाही. झटका थांबल्यावर उलटी होत असेल, तर डोकं, मान आणि धड एकाच रेषेत ठेवून तिघाचौघांनी मिळून कुशीवर वळवायचं.

शुद्धीवर असेल तर पाच साधे प्रश्न विचारा. आपण कोणत्या मैदानावर आहोत? पहिला हाफ चालू आहे की दुसरा? शेवटचा गुण कुणी घेतला? मागचा सामना कुणाशी झाला? तो जिंकलो की हरलो? एकही उत्तर चुकलं तर विषय संपला. ‘नाव काय, आज वार कोणता’ हे प्रश्न मात्र कुचकामी आहेत, कारण कन्कशन झालेले बहुतेक जण ते बरोबर सांगतात. आणि पाचही उत्तरं बरोबर आली म्हणून खेळाडू सुटला असंही नाही. लक्षणं काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही वर येतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्स कसोटीत इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तपासण्यांत तो पास झाला, परत येऊन फलंदाजीही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षणं दिसली आणि त्याला सामन्यातून काढावं लागलं. उत्तम वैद्यकीय पथक शेजारी असताना हे झालं. तालुक्याच्या स्पर्धेत आपण किती खात्रीने सांगणार?

थेट दवाखाना कधी गाठायचा?

पुढचं एकही दिसलं तर वाट पाहू नका: एकापेक्षा जास्त उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, बेशुद्धी, एकाचे दोन दिसणं, बोलणं अडखळणं, हातापायातलं बळ जाणं, मानेत तीव्र वेदना, वाढत जाणारा गोंधळ किंवा गुंगी, डोळ्यांची एक बाहुली लहान आणि एक मोठी, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा पातळ स्राव. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर लक्षणं नसली तरी जायचं. दवाखाना म्हणजे सीटी स्कॅन आणि शस्त्रक्रियेची सोय असलेला. कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये सलाइन लावून बसण्यात हातचा वेळ जातो.

ही घाई कन्कशनसाठी नाही, कवटीच्या आतल्या रक्तस्रावासाठी आहे. सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात क्लब सामन्यात भारताचा माजी क्रिकेटपटू रमण लांबा हेल्मेट न घालता फलंदाजाच्या अगदी जवळ, शॉर्ट लेगला उभा होता आणि चेंडू त्याच्या डोक्यावर आदळला. तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला. थोड्याच वेळात प्रकृती ढासळली आणि तीन दिवसांनी तो गेला. चालत बाहेर आला म्हणजे सुटला, असं कुणी म्हणालं की हे नाव आठवावं.

सीटी स्कॅन नॉर्मल आला. आता खेळू द्यायला काय हरकत?

सीटी सांगतो की रक्तस्राव नाही, हाड मोडलेलं नाही. तेवढंच. कन्कशनमध्ये बिघाड पेशींच्या कामकाजात असतो आणि तो साध्या सीटीत किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. ‘रिपोर्ट क्लीन आहे’ या एका वाक्यावर आपल्याकडे जितके खेळाडू वेळेआधी मैदानात उतरतात, तितके दुसऱ्या कशाने उतरत नसतील.

उलट बाजूही आहे. प्रत्येक टेंगळाला सीटी लागत नाही, विशेषतः लहान मुलांना. किरणोत्सर्ग फुकट घ्यायचा नसतो. वरची धोक्याची लक्षणं आणि तपासणी पाहून डॉक्टर ठरवतील. कवटीचा साधा एक्स-रे मात्र बहुधा कुणाच्याच कामाचा नसतो.

रात्री झोपू द्यायचं की जागं ठेवायचं?

डॉक्टरांनी तपासलंय, धोक्याचं लक्षण नाही, नीट बोलतोय, तर झोपू द्या. झोपेनेच बरं वाटतं. दर तासाला हलवून उठवायची जुनी रीत डॉक्टरांनी मुद्दाम सांगितली असेल तरच पाळा. पहिले २४ तास एकटं मात्र ठेवू नका. होस्टेलवर असेल तर रूममेटला धोक्याची यादी वाचून दाखवा, नुसतं ‘लक्ष ठेव’ म्हणून भागत नाही.

डोकं ठणकतंय. गोळी कोणती?

पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ५०० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर, दिवसात फार तर चार. मुलांना वजनानुसार, डॉक्टरांना विचारून. पहिले ४८ तास अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळा, कारण आत रक्तस्राव असलाच तर ती तो वाढवू शकतात. किटबॅगमधली डिस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन आणि कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन असतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. झोपेची गोळी नको.

पॅरासिटामॉलही रोज घेत राहू नका. आठवड्यात तीनचार दिवसांहून जास्त गोळ्या लागत असतील तर कालांतराने गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. आणि गोळी घेऊन दुखणं थांबलं तर ते ‘लक्षण गेलं’ यात धरायचं नाही.

‘मेंदूचं टॉनिक’ म्हणून लिहून दिल्या जाणाऱ्या गोळ्यांनी कन्कशन लवकर बरं होतं, असं सिद्ध झालेलं नाही. डोक्यावर तेल थापून चंपी पहिल्या दिवसांत नको. मान दुखावलेली असू शकते.

अंधाऱ्या खोलीत आठ दिवस पडून राहायचं का?

नाही. हा सल्ला जुना झाला. २०२२ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला भरलेल्या खेळातल्या कन्कशनवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेतून जी सहमती पुढे आली, तिच्यात पूर्ण विश्रांतीची शिफारस नाही. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती: घरातली हालचाल, अंगणात किंवा गच्चीवर फेऱ्या, अंघोळ, जेवण, हलक्या गप्पा चालतील. या दोन दिवसांत मोबाइल, टीव्ही, गेम अगदी कमी. स्क्रीन कमी ठेवल्याचा फायदा याच काळात दिसतो, पुढे महिनाभर फोन काढून घेतल्याने विशेष काही साधत नाही. उलट एकटा पडलेला मुलगा जास्त खचतो.

दोन दिवसांनंतर हालचाल वाढवायची. मेंदूचा रक्तपुरवठा पूर्ववत व्हायला हलका व्यायाम मदत करतो, आणि लवकर चालायला लागलेले खेळाडू खाटेवर पडून राहिलेल्यांपेक्षा लवकर सावरतात.

शाळा, कॉलेज, परीक्षा?

आधी अभ्यास, मग खेळ. पूर्ण दिवस वर्गात बसता येत नसेल तर मैदानाचा विचारच नको.

घरी १५ मिनिटं वाचून पाहायचं. त्रास वाढला नाही तर अर्धा तास, मग पाऊण. ते जमलं की अर्ध्या दिवसाची शाळा, मग पूर्ण. एक सोडून सगळे विषय जमतात, असंही होतं. फळ्यावरून वहीत उतरवताना डोळ्यांना सतत जवळ-लांब करावं लागतं आणि तिथेच डोकं भणभणतं. अशा वेळी शेजाऱ्याच्या वहीचे फोटो काढून घ्यावेत. शिक्षकांकडे मागायच्या सवलती साध्या असतात: पंख्याखालची पण खिडकीच्या उजेडापासून दूरची जागा, दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं बाहेर, चाचणीला थोडा जादा वेळ, आणि पीटीच्या तासाला सुट्टी. बहुतेक मुलं दहा दिवसांत पूर्ण अभ्यासाला लागतात. दहावी-बारावीचं वर्ष असेल तर डॉक्टरांचं पत्र पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांकडे द्या, परीक्षेच्या आदल्या दिवशी नको.

सराव कधी आणि कसा सुरू करायचा?

सहा पायऱ्या आहेत. एका पायरीवर किमान २४ तास. इथे कबड्डीचं उदाहरण धरलंय, कारण डोक्याला मार लागायचे प्रसंग तिथे ठरलेले असतात: अँकल होल्डसाठी, म्हणजे घोटा धरायला झेपावलेल्या पकडपटूच्या कानशिलावर चढाईपटूचा गुडघा बसतो, नाहीतर साखळी करताना दोघांची डोकी एकमेकांवर आपटतात.

पहिली पायरी म्हणजे रोजचं जगणं: चालणं, घरची हलकी कामं, त्रास फार वाढणार नाही इतपत.

दुसरी पायरी दमसासाची आणि तिचे दोन भाग. वयाची वर्षं २२० मधून वजा केली की हृदयाच्या कमाल ठोक्यांचा अंदाज मिळतो. वीस वर्षांच्या खेळाडूला तो २००. पहिल्या भागात त्याच्या ५५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ११० ठोके: १५-२० मिनिटं भरभर चालणं किंवा एका जागेवरची सायकल. दुसऱ्यात ७० टक्के, म्हणजे १४०: सपाट जमिनीवर हलकं धावणं. ठोके मोजणारं घड्याळ नसेल तर थांबल्याबरोबर मनगटाची नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणा. २७ च्या आसपास ठोके म्हणजे पहिला भाग, ३५ म्हणजे दुसरा.

तिसऱ्या पायरीवर खेळाच्या हालचाली, पण एकट्याने. मॅटवर पदन्यास, दिशा बदलणं, बोनस रेषेपर्यंत जाऊन मागे फिरणं. समोर कुणी नाही. क्रिकेटपटूने धावा पळाव्यात, चेंडूशिवाय फटक्यांचा सराव करावा. फुटबॉलपटूने पायातल्या चेंडूचं काम करावं, हेडिंग नाही.

इथे एक भिंत आहे. चौथ्या पायरीआधी सगळी लक्षणं गेलेली हवीत, नुसती बसल्या जागी नव्हे तर घाम निघाल्यावरसुद्धा, आणि डॉक्टरांचा हिरवा कंदील हवा. पहिल्या तीन पायऱ्यांवर थोडी डोकेदुखी खपते, पुढे नाही. बहुतेक घोटाळे या भिंतीशी होतात. बसल्या जागी बरं वाटतंय म्हणून प्रशिक्षक दुसरी-तिसरी पायरी गाळून थेट सरावसामन्यात उतरवतात, आणि दहाव्या मिनिटाला पोरगा डोकं धरून बसतो.

चौथी पायरी: संघाबरोबर, पण स्पर्श नाही. लुटुपुटूच्या चढाया, पकडीच्या जागा घेणं. पाचवी: पूर्ण संपर्काचा सराव, डॅश, ब्लॉक, साखळी सगळं. सहावी: सामना.

एखाद्या पायरीवर पुन्हा डोकं दुखलं तर?

शून्य ते दहा अशी त्रासाची मोजपट्टी धरा. व्यायामाआधी १ होता, व्यायामात ३ झाला आणि तासाभरात परत १ वर आला, तर चालतं. दोनपेक्षा जास्त वाढला किंवा तासाहून जास्त टिकला तर थांबा आणि दुसऱ्या दिवशी जरा कमी जोराने पुन्हा करा. चौथी ते सहावी या पायऱ्यांवर लक्षण आलं तर मात्र परत तिसरीवर.

टीव्हीवरचे खेळाडू आठवड्यात परत येतात. आम्हाला तीन आठवडे का?

त्यांच्यामागे रोज तपासणारे डॉक्टर असतात, आणि मार लागण्याआधीच्या चाचण्यांची नोंद तुलनेला हाताशी असते. गावच्या मंडळाकडे ना हे ना ते. म्हणून ब्रिटनच्या २०२३ च्या आणि ऑस्ट्रेलियाच्या २०२४ च्या हौशी खेळांसाठीच्या मार्गदर्शनात पुरेसं अंतर ठेवलंय: डोक्याला मार लागू शकेल अशा सरावाआधी लक्षणांशिवाय सलग १४ दिवस, आणि सामन्याआधी मारापासून किमान २१ दिवस. आपल्या तालमी, मंडळं आणि शाळांनी हाच हिशेब धरावा असं आमचं मत आहे. मार लागला तो दिवस शून्य धरायचा.

मोठ्यांची लक्षणं साधारण दोन आठवड्यांत ओसरतात, मुलांना चार आठवडेही लागतात. सगळ्या पायऱ्या चढून खेळात परतायला सरासरी तीन आठवडे जातात. अर्धशिशी, आधीची कन्कशन, चिंतेचा किंवा नैराश्याचा त्रास असेल तर वेळ जास्त लागू शकतो. सगळ्यात ठळक खूण म्हणजे पहिल्या काही दिवसांतली लक्षणांची तीव्रता.

महिना झाला, अजून चक्कर येते. मेंदू कायमचा बिघडला का?

बहुधा नाही. पण ‘थांबा, होईल बरं’ म्हणण्याची मुदतही संपली. चार आठवड्यांनंतर टिकलेल्या लक्षणांना बऱ्याचदा वेगळं, उपचार करता येण्याजोगं कारण असतं.

कुशीवर वळताना किंवा वर बघताना काही सेकंद घर फिरल्यासारखं होत असेल तर कानातले सूक्ष्म खडे सरकलेले असू शकतात. डोकं ठरावीक क्रमाने वळवण्याची एक कसरत कान-नाक-घशाचे डॉक्टर किंवा जाणकार फिजिओथेरपिस्ट करून घेतात, आणि अनेकदा एकदोन बैठकांत फरक पडतो. डोकेदुखी मानेपासून वर चढत असेल, मान वळवल्यावर वाढत असेल, तर दुखणं मानेचं आहे आणि उपचारही मानेचे. वाचताना ओळी हलतात, गर्दीच्या बाजारात गरगरतं, तर डोळे आणि तोल यांचा ताळमेळ बिघडलाय, त्यासाठी खास व्यायाम असतात. झोपेचं वेळापत्रक कोलमडलं असेल तर बाकी सगळंच रखडतं. आणि संघाबाहेर बसल्याने आलेली उदासी हेही खरं लक्षण आहे, ‘नाटक’ नव्हे.

लक्षणं लपवून खेळलो तर काय होतं?

सगळ्यात नेहमीचा परिणाम म्हणजे बरं व्हायला लागणारा वेळ वाढतो. मार लागल्यावर लगेच बाहेर बसलेल्यांपेक्षा खेळत राहिलेल्यांना जास्त दिवस लागतात. शरीराची प्रतिक्रिया मंदावलेली असते, त्यामुळे परतल्यानंतरच्या महिन्यांत गुडघा-घोट्याच्या दुखापतींचं प्रमाणही जास्त दिसतं. आणि विरळा पण भयंकर म्हणजे पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसून मेंदूला एकदम सूज येणं. हे मुख्यतः किशोर आणि विशीच्या आतल्या खेळाडूंत नोंदलं गेलंय आणि जिवावर बेततं.

‘जागा जाईल’ ही भीती खरी असते, तिला हसू नये. म्हणून बरा होऊन आलेल्याला संघात परत घेतलं जाईल की नाही, हे प्रशिक्षकाने मोसमाच्या सुरुवातीलाच सगळ्यांसमोर सांगून टाकावं.

क्रिकेटमध्ये बदली खेळाडू मिळतो ना?

आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये १ ऑगस्ट २०१९ पासून मिळतो, तोही ‘त्याच प्रकारचा’, म्हणजे साधारण तेच काम करणारा हवा आणि सामनाधिकाऱ्याची मान्यता हवी. स्मिथच्या जागी आलेला मार्नस लाबुशेन हा कसोटीतला असा पहिला बदली खेळाडू. आपल्याकडे वाद पेटला तो ३१ जानेवारी २०२५ ला, पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर: हेल्मेटवर चेंडू लागलेल्या शिवम दुबेच्या जागी वेगवान गोलंदाज हर्षित राणा आला आणि त्याने तीन बळी घेतले. अष्टपैलूच्या जागी निव्वळ गोलंदाज कसा, यावर चार दिवस चर्चा झाली. नियमामागचा हेतू मात्र चांगला आहे: खेळाडू बाहेर बसल्याने संघ दहा जणांचा होणार नसेल, तर त्याला बाहेर काढायला कुणी कचरत नाही. तुमच्या स्थानिक स्पर्धेच्या नियमावलीत हे कलम आहे का ते आधी पाहा, नसेल तर आयोजकांकडे मागा.

हेल्मेट आणि माउथगार्डने कन्कशन टळतं का?

हेल्मेट कवटी आणि चेहरा वाचवतं, म्हणून घालायलाच हवं. पण आतला मेंदू गोल पिळला जाण्यापासून ते पूर्णपणे रोखू शकत नाही. दातांवर बसवायच्या माउथगार्डचा मुख्य उपयोग दातांना. जोरदार चेंडू लागलेलं हेल्मेट चीर दिसत नसली तरी बदला. आतला फोम एकदा दबला की दुसऱ्या वेळी तेवढा धक्का शोषत नाही. तेच हेल्मेट मग क्लबच्या सामाईक किटबॅगेत टाकू नका, कुणीतरी ते घालणारच.

गाडी, दारू, जिम, योगासनं?

दुचाकी किमान पहिले २४ तास नाही, आणि चक्कर किंवा मंदपणा असेपर्यंत त्यानंतरही नाही. दारू पूर्ण बरं होईपर्यंत बंद. जोर, बैठका, वजनं तिसऱ्या पायरीआधी नकोत. श्वास रोखून जोर लावला की डोकं ठणकतं. कपालभाती, शीर्षासन, सर्वांगासन त्याच यादीत, आणि सूर्यनमस्कारात डोकं खाली जातं म्हणून तेही थोडे थांबून. सावकाश श्वसन आणि शवासन पहिल्या दिवसापासून चालतं.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं?

एक वही. मार कधी, कुठे, कसा लागला. त्याच्या आधीचं आणि नंतरचं किती आठवत नाही. किती उलट्या झाल्या. घेतलेल्या गोळ्यांची नावं आणि वेळा. आधीची कन्कशन, वर्षासकट. मग रोज सकाळ-संध्याकाळ डोकेदुखी, चक्कर, उजेडाचा त्रास, झोप आणि मनःस्थिती यांना शून्य ते सहापैकी गुण. कुणी मोबाइलवर सामना चित्रित केला असेल तर मार लागतानाचा तुकडा नक्की न्या. डोकं कोणत्या बाजूने वळलं, खेळाडू किती सेकंद निपचित होता, उठताना पाय लटपटले का, हे डॉक्टरांना त्यात दिसतं. खेळाडूला स्वतःला यातलं काही आठवत नसतं.